मोटारीतील दोष आणि कारखानदाराचे उत्तरदायित्व

मोटार ही आता केवळ शहरातील धनिकांची वस्तू राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी शाळेत जाणारा शिक्षक, बाजार समितीत भाजीपाला नेणारा शेतकरी, स्वतःची जीप भाड्याने चालवून पोट भरणारा तरुण, अशा अनेकांच्या संसारात चार चाकांनी प्रवेश केलेला आहे. घर आणि जमीन यांच्या खालोखाल कुटुंबाची हीच मोठी खरेदी असते, आणि ती बहुधा कर्ज काढून केलेली असते. अशा गाडीत एखादा दोष कारखान्यातूनच आलेला असेल, आणि तो कारखानदाराला ठाऊकही असेल, तर दुरुस्तीचा भुर्दंड कोणी सोसावयाचा? त्या दोषामुळे अपघात होऊन माणूस जायबंदी झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची? या प्रश्नांना कायद्याने आज बऱ्याच अंशी स्पष्ट उत्तरे दिलेली आहेत. परंतु ती उत्तरे पदरात पाडून घ्यावयाची तर ग्राहकाने काय करावयास हवे, हे अद्याप फारसे कोणाला माहीत नाही.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. ब्रेकचे पॅड झिजणे, क्लचप्लेट जाणे, टायर गुळगुळीत होणे ही वापराने होणारी झीज होय. तिचा खर्च मालकानेच करावयाचा. कारखान्यात जुळणी करताना एखाद्याच गाडीत राहून गेलेली चूक, हा दुसरा प्रकार. तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. एखाद्या भागाचा आराखडाच सदोष असतो किंवा पुरवठादाराने दिलेला मालच निकृष्ट असतो, आणि त्यामुळे हजारो गाड्यांत तीच उणीव असते. तक्रारी येऊ लागतात, सुटे भाग अधिक खपू लागतात, कंपनीच्या अभियंत्यांना कारण उमगते, पण गाडीच्या मालकाला मात्र ‘ही तुमच्या वापराची चूक आहे’ असे सांगून बिल हातात दिले जाते. हाच ज्ञात दोष. या लेखाचा मुख्य विषय तो आहे.

करार विक्रेत्याशी, दायित्व कोणाचे?

ग्राहक पैसे देतो विक्रेत्याला. पावती विक्रेत्याची असते. मग दूरच्या कारखानदाराशी ग्राहकाचा संबंध काय, असा आक्षेप पूर्वी घेतला जात असे आणि तो न्यायालयांत टिकतही असे. हा आक्षेप मोडीत निघाला तो मोटारीच्याच एका खटल्यात. अमेरिकेतील एका गृहस्थाने विक्रेत्याकडून ब्यूक कंपनीची मोटार घेतली. तिच्या एका चाकाचे लाकडी आरे निकृष्ट लाकडाचे होते. ते मोडले आणि तो गृहस्थ गाडीबाहेर फेकला जाऊन जखमी झाला. चाक आम्ही बनविलेले नाही, ते दुसऱ्या कारखान्यातून आणलेले आहे, आणि आमचा करार विक्रेत्याशी आहे, असा कंपनीचा बचाव होता. न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयात १९१६ साली न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी तो बचाव फेटाळला. सदोष बनविल्यास जी वस्तू माणसाच्या जिवावर उठेल, आणि जी मूळ खरेदीदाराखेरीज इतरांच्याही वापरात येणार हे निर्मात्याला ठाऊक आहे, तिच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य करारावर अवलंबून नसते, असे त्या निर्णयाचे सार आहे. विकत आणलेल्या भागाची वाजवी तपासणी करणे हेही त्या कर्तव्यातच येते.

आपल्याकडेही आज हेच तत्त्व मान्य आहे. पण त्याची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून मोटार घेतली. प्रत्यक्षात त्याला २००९ साली बनलेली, सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली गाडी देण्यात आली. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कारखानदाराला दायित्वातून मुक्त केले. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर विक्रेत्याने केलेली लबाडी कारखानदाराला माहीत होती असा पुरावा नसताना, आणि दोघांतील व्यवहार स्वतंत्र धनी म्हणून झालेला असताना, एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तात्पर्य, दोष कोठे निर्माण झाला हे सांगता आले पाहिजे. संशय असेल तेथे विक्रेता आणि कारखानदार या दोघांनाही प्रतिपक्ष करणे शहाणपणाचे ठरते.

माहीत असूनही मौन

ज्ञात दोषांच्या इतिहासात फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडीचे नाव नेहमी घेतले जाते. मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात एक पिंटो रस्त्यावर बंद पडली, मागून दुसरी गाडी आदळली आणि पेट्रोलची टाकी फुटून आग लागली. गाडी चालविणारी महिला मृत्यू पावली. सोबतचा तेरा वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. ही टाकी मागील धडकेत फुटते हे कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत आधीच दिसून आलेले होते. मागील भाग मजबूत करणे व टाकीला अधिक जागा सोडणे या सुधारणांचा खर्च दर गाडीमागे पंधरा डॉलरच्या आसपास होता, असे खटल्यात पुढे आले. पंचमंडळाने १९७८ साली साडेबारा कोटी डॉलर इतकी दंडात्मक भरपाई ठरविली. न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली आणि १९८१ साली अपील न्यायालयाने ती कायम केली. दरम्यान १९७८ मध्येच कंपनीला सुमारे १५ लाख गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या.

या प्रकरणाविषयी एक गोष्ट वारंवार चुकीची सांगितली जाते, ती येथे दुरुस्त करणे योग्य होईल. माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरून फोर्डने केलेला जमाखर्चाचा कागद पिंटोच्या टाकीसंबंधी होता, असा समज रूढ आहे. वस्तुतः तो कागद गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीविषयी, सर्वच प्रकारच्या मोटारींना उद्देशून, शासकीय यंत्रणेकडे पाठविण्यासाठी तयार केलेला होता. कंपनीविरुद्धचा निकाल त्या कागदावर नव्हे, तर तिच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदींवर उभा राहिला. पुराव्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. गाजलेला कागद आणि उपयोगी पडणारा कागद हे नेहमी एकच नसतात.

दुसरे प्रकरण अलीकडचे असून अधिक उद्बोधक आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या काही लहान गाड्यांत किल्ली फिरविण्याचा इग्निशन स्विच प्रमाणापेक्षा सैल होता. किल्लीच्या जुडग्याचे ओझे पडले किंवा गुडघ्याचा धक्का लागला, तरी धावत्या गाडीत किल्ली मागे सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, ब्रेकला मिळणारे साहाय्य जाई, आणि मुख्य म्हणजे त्या स्थितीत धडक झाल्यास एअरबॅग उघडत नसे. हा स्विच ठरलेल्या मापात बसत नसतानाही २००२ साली मंजूर झाला होता. पुढे तक्रारी आल्या. त्यावर सुचविलेली सुधारणा दर गाडीमागे एका डॉलरपेक्षाही कमी खर्चाची होती, पण ती नाकारण्यात आली. चालती गाडी बंद पडणे हा सुरक्षिततेचा नव्हे, ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न आहे, अशी वर्गवारी कंपनीने करून ठेवली होती. डिसेंबर २००५ मध्ये विक्रेत्यांना जे परिपत्रक गेले, त्यात जुडग्यातील जड वस्तू काढून टाकण्याचा सल्ला ग्राहकांना द्यावा असे सुचविले होते. म्हणजे दोष गाडीत, आणि उपाय ग्राहकाच्या खिशात!

पुढे जे घडले ते कोणत्याही तक्रारदाराने मनावर कोरून ठेवावे असे आहे. २००६ च्या सुमारास कंपनीने गाजावाजा न करता स्विच सुधारला, परंतु त्याचा भाग क्रमांक बदलला नाही. सुटा भाग सुधारला की त्याला नवा क्रमांक द्यावयाचा, हा अभियांत्रिकीतील प्राथमिक शिरस्ता आहे. तो न पाळल्यामुळे जुना आणि नवा स्विच कागदोपत्री एकच दिसू लागले, आणि २०१० पर्यंत बनलेल्या गाड्यांतील अपघातांचे कोडे कंपनीतील चौकशी करणाऱ्यांनाही उलगडेना. जॉर्जिया राज्यात मार्च २०१० मध्ये एक तरुणी अशाच गाडीच्या अपघातात दगावली. तिच्या आईवडिलांनी वकील केला. वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने अपघातग्रस्त गाडीतील स्विच जपून ठेवला, बाजारातून त्याच क्रमांकाचा नवा स्विच विकत आणला आणि दोन्ही उघडून शेजारी ठेवले. आतील दाबखिळ्याची लांबी निराळी होती. कागद जे लपवीत होते ते धातूच्या दोन तुकड्यांनी सांगितले.

फेब्रुवारी २०१४ पासून कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या माघारी बोलावल्या. शासकीय यंत्रणेने साडेतीन कोटी डॉलर दंड केला. नुकसानभरपाईसाठी स्थापन झालेल्या निधीने १२४ मृत्यू आणि २७५ जखमींचे दावे मान्य करून सुमारे ५९ कोटी ४० लाख डॉलर वाटले. सप्टेंबर २०१५ मध्ये फौजदारी कारवाई टाळण्यासाठी कंपनीने आणखी ९० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. एका डॉलरच्या आतल्या काटकसरीचा हा हिशेब आहे.

आपल्याकडील कायदा

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले, आणि पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा आता २०१९ च्या अधिनियमाने घेतलेली असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे.

या नव्या अधिनियमात ‘उत्पादन दायित्व’ या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. निर्मितीत दोष असेल, आराखड्यात दोष असेल, ठरलेल्या प्रमाणापासून वस्तू ढळलेली असेल, दिलेल्या हमीशी ती जुळत नसेल किंवा वापराविषयी पुरेशा सूचना व इशारे दिलेले नसतील, तर झालेल्या हानीबद्दल उत्पादक जबाबदार ठरतो. व्यक्त हमीच्या बाबतीत तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध केल्यानेही त्याची सुटका होत नाही. उलटपक्षी ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला असेल, तीत फेरफार केले असतील, तर दायित्व राहत नाही. गाडीला बाहेरून गॅसचा संच बसविणे, तारा कापून दिवे व भोंगे जोडणे, पुढे लोखंडी बंपर ठोकणे, असले हौशी प्रकार पुढे दाव्याच्या मुळावर येतात, हे सांगितलेच पाहिजे.

येथे एक बारकावा आहे आणि तो अनेकदा वकिलांच्याही नजरेतून निसटतो. उत्पादन दायित्वाच्या प्रकरणातील ‘हानी’ म्हणजे मृत्यू, शारीरिक इजा, मानसिक क्लेश, अन्य मालमत्तेचे नुकसान. खुद्द त्या वस्तूचे नुकसान त्या व्याख्येतून वगळलेले आहे. तेव्हा अपघात न होता केवळ गिअरबॉक्स वारंवार बिघडतो आणि त्याचा खर्च हवा आहे, अशी तक्रार त्या प्रकरणाखाली बसत नाही. ती ‘सदोष वस्तू’ची तक्रार म्हणून करावयाची. त्यात दोष दूर करून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई यांपैकी योग्य तो आदेश आयोग देऊ शकतो. दंडात्मक भरपाई देण्याचा अधिकारही त्याला आहे.

वॉरंटीची मुदत संपली की सर्व हक्क संपले, अशी समजूत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर करून दिली जाते. कायद्यातील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत वॉरंटीच्या कालावधीचा उल्लेख नाही. व्यक्त अथवा गर्भित कराराने वस्तूने जो दर्जा राखावयास हवा त्यातील उणीव म्हणजे दोष. मुदतीनंतर ग्राहकाचे काम कठीण होते हे मात्र खरे, कारण बिघाड वापराने आलेला नसून मुळातलाच आहे हे त्याला दाखवावे लागते. येथेच ‘ज्ञात दोष’ उपयोगी पडतो. त्याच मॉडेलच्या अनेक गाड्यांत, त्याच सुमाराच्या किलोमीटरला, तोच भाग निकामी होत असेल, तर एकट्या ग्राहकाच्या वापराला दोष देणे अवघड जाते. पुष्कळ कंपन्या अशा वेळी कायदेशीर जबाबदारी मान्य न करता, सद्भावनेपोटी म्हणून, सुट्या भागाचा सर्व किंवा काही खर्च उचलतात. ही सवलत जाहीर केली जात नाही. जो लेखी मागणी करतो, चिकाटी धरतो आणि ज्याच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी बिनचूक असतात त्यालाच ती बहुधा मिळते. सवलत स्वीकारताना ‘पूर्ण व अंतिम समझोता’ अशा मजकुरावर सही मागितली जाते; ती करण्यापूर्वी कागद घरी नेऊन वाचावा.

न्यायालयांचा कल

गाडीच बदलून मिळावी, ही मागणी सर्वांत जास्त केली जाते आणि सर्वांत जास्त नाकारलीही जाते. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असे ठरविले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून अथवा बदलून देण्याचे वचन असताना, संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नव्हे. क्लचमध्ये बिघाड असेल तर क्लच बदलून मागावा. हा निर्णय कारखानदारांचे वकील आजही पुढे करतात.

त्याला तोलून धरणारा निर्णय २० एप्रिल २०२२ रोजी आला. दिल्लीच्या एका ग्राहकाने ऑगस्ट २०१५ मध्ये ह्युंडाई कंपनीची क्रेटा गाडी घेतली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर तिला मोठा अपघात झाला. समोरच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत आणि ग्राहकाच्या डोक्याला, छातीला व दातांना इजा झाली. दिल्ली राज्य आयोगाने एकूण ३ लाख रुपये भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश दिला. तो राष्ट्रीय आयोगाने उचलून धरला. पुरेशा जोराची समोरील धडक झाली नव्हती, म्हणून एअरबॅग उघडल्या नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायमूर्ती विनीत सरन व न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांच्या खंडपीठाने ते मानले नाही. वेग आणि बल यांचे सिद्धान्त लावून धडकेचा जोर मोजण्याइतका पदार्थविज्ञानाचा जाणकार ग्राहक असावा, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. गाडीचे छिन्न झालेले नाक पुरेसे बोलके होते. तज्ज्ञाच्या अहवालावाचून तक्रार निकामी ठरत नव्हती. सुरक्षिततेचे साधन आहे म्हणून ज्या गाडीचा गाजावाजा केला, तिच्यातील ते साधन ऐन वेळी न चालणे हा दंडात्मक भरपाईस पात्र असा प्रकार होय, असेही मत न्यायालयाने नोंदविले.

या दोन निर्णयांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. एकात बिघडलेला भाग बदलता येण्याजोगा होता. दुसऱ्यात ज्या क्षणासाठी तो भाग होता तो क्षणच निघून गेला होता.

तक्रार कशी करावी

मोटारीच्या तक्रारीचा पाया जॉब कार्डवर घातला जातो. गाडी दुरुस्तीस देताना सर्व्हिस सेंटरमधील सल्लागार तक्रार आपल्या शब्दांत लिहितो, आणि ‘चढावर गाडी अचानक बंद पडते’ याचे रूपांतर ‘सर्वसाधारण तपासणी’ असे होऊन जाते. ग्राहकाने आपले शब्द जसेच्या तसे लिहवून घ्यावेत, तारीख व किलोमीटर तपासावेत, आणि प्रत मागून घ्यावी. एकच दोष चार वेळा नोंदलेला असणे हा तज्ज्ञाच्या अहवालाखालोखाल महत्त्वाचा पुरावा आहे. शिक्षकांना वेगळे सांगावयास नको की हजेरीपटावर नसलेला विद्यार्थी वर्गात होता हे नंतर सिद्ध करणे किती कठीण असते.

बदललेला जुना भाग परत मागावा. वॉरंटीखाली बदललेला भाग कंपनी ठेवून घेते. अशा वेळी त्याची छायाचित्रे, त्यावर कोरलेला क्रमांक आणि तो जमा केल्याची लेखी नोंद घ्यावी. अपघात झाला असेल तर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचा अहवाल व पोलीस पंचनामा मिळवावा, आणि तपासणी होईपर्यंत गाडी भंगारात देऊ नये किंवा मोडतोड दुरुस्त करून घेऊ नये. जॉर्जियातील तो स्विच भंगारात गेला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

यानंतर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला व विक्रेत्याला पोचपावतीसह पत्र लिहावे. गाडीचा चेसिस क्रमांक, खरेदीची तारीख, दोषाचा इतिहास, नेमकी मागणी आणि उत्तरासाठी पंधरा दिवस किंवा महिन्याची मुदत एवढे त्यात असावे, संताप नसावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविल्यास पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावर बोलावयास तयार होतात.

ते साधले नाही तर ग्राहक आयोग. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे जावयाचे, म्हणजे बहुतेक सर्व गाड्या तेथेच बसतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,००० रुपये आहे. नव्या अधिनियमाने मोठी सोय केली ती ही की, ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गडचिरोलीच्या माणसाला गाडी नागपुरात घेतली म्हणून नागपुरास हेलपाटे घालावे लागत नाहीत. तक्रार ई-जागृति या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते, आणि वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबते, असे मात्र समजू नये; गोड बोलून दोन वर्षे घालविण्याचा अनुभव अनेकांच्या वाट्यास आलेला आहे.

भाड्याने गाडी चालविणारा ‘ग्राहक’ ठरतो काय, असा प्रश्न ग्रामीण भागात हटकून येतो. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तथापि स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी, स्वतः वापरण्यासाठी घेतलेली गाडी याला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. स्वतः रिक्षा चालविणारा ग्राहक आहे. दहा रिक्षा घेऊन चालक ठेवणारा नाही.

दोष बाहेरून दिसत नसेल तर आयोग तो भाग किंवा गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवितो. त्याचे शुल्क प्रथम तक्रारदारास भरावे लागते. अशी तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व एरवी तीन महिन्यांत निकाल लागावा असे अधिनियम म्हणतो. व्यवहारात त्याहून कितीतरी अधिक काळ जातो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दिवाणी न्यायालयाप्रमाणे कागदपत्रे हजर करावयास लावण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण तक्रारदार तो क्वचितच वापरावयास सांगतात. त्या मॉडेलच्या त्याच भागासंबंधी विक्रेत्यांना पाठविलेली तांत्रिक परिपत्रके आणि त्या भागात केलेले बदल हजर करण्याचा आदेश मागितला, तर कंपनीला किती व केव्हा माहीत होते हे उघड होऊ शकते. एकाच दोषाने अनेक जण ग्रासलेले असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रारही करता येते.

अधिकाऱ्यांसाठी विशेष तरतूद

वरील मार्ग एकेकट्या ग्राहकाचा झाला. सामूहिक हक्कभंगासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, आणि अशा तक्रारी जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येतात. त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रात चौकशी करून प्राधिकरणास अहवाल पाठवावयाचा असतो. धोकादायक अथवा असुरक्षित वस्तू माघारी बोलावण्याचा व किंमत परत करावयास लावण्याचा आदेश प्राधिकरण देऊ शकते. शिवाय जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात. एकाच प्रकारच्या गाडीविषयी तालुक्यातून पाच-सात सारख्या तक्रारी कानावर आल्या, तर ग्रामपंचायत सदस्यांनी त्या एकत्र करून या वाटेने पाठविणे हे एकेकट्याने झगडण्यापेक्षा अधिक फलदायी होईल.

मोटारींच्या बाबतीत आणखी एक तरतूद आहे. भारतातील वाहन उद्योगाने जुलै २०१२ पासून स्वेच्छेने गाड्या माघारी बोलावण्याची संहिता स्वीकारली होती. तिला कायद्याचे बळ मिळाले ते मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने. कलम ११०-अ खाली, पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील अन्य लोकांना धोका पोहोचेल असा दोष असल्यास केंद्र शासन गाड्या माघारी बोलावण्याचा आदेश देऊ शकते. कारखानदाराने दोष दुरुस्त करावा, गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी, असे पर्याय त्यात आहेत. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू असून सक्तीच्या आदेशासोबत १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपला दोष आपणहून कळवून गाड्या माघारी बोलावणाऱ्यास मात्र दंड नाही. ही सवलत योग्यच आहे. लपविणे महाग आणि सांगणे स्वस्त असले, तरच सांगितले जाते.

माघारी बोलावलेल्या गाडीची दुरुस्ती विनामूल्य असते. अडचण येते ती जुन्या गाड्यांच्या बाबतीत. कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, आणि गाडी तोवर तिसऱ्या जिल्ह्यात चौथ्या मालकाकडे पोहोचलेली असते. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांचे उदाहरण येथे डोळ्यांपुढे ठेवावे. त्यांतील स्फोटक रसायन उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने बिघडे, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर उडत. त्यापायी जगभर कोट्यवधी गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या. भारतातही अनेक कंपन्यांनी त्या बोलावल्या. कोकणासारख्या दमट प्रदेशात वापरलेली जुनी गाडी घेणाऱ्याने कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस क्रमांक देऊन अशी दुरुस्ती शिल्लक आहे काय हे विचारून घ्यावे. नोंदणी पुस्तकावरील पत्ता व मालकाचे नाव वेळेवर बदलून घेणे हेही त्यासाठीच आवश्यक आहे.

शेवटी आदेशाच्या अंमलबजावणीविषयी. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येते. परंतु रक्कम देण्याचा आदेश असल्यास अपील करणाऱ्या कंपनीला निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. अपील न करता आदेशाकडे दुर्लक्ष केल्यास ग्राहकाने त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करता येते. आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५ हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत जोडावयाची असते. ती आदेश झाल्याबरोबर मागून घ्यावी.